सात लिटरची दंतकथा

अमेरिकन गाडी म्हणजे अवाढव्य इंजिन, सरळ रस्त्यावर सुसाट, वळण आलं की बोजड. युरोपियन गाडी म्हणजे लहान इंजिन, सडपातळ बांधा, वळणावर नजाकत. अमेरिका जिंकली तर दांडगाईने जिंकते आणि हरली तर कसबापुढे हरते. मोटार-शर्यतींचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल. पुरावा म्हणून १९६६ सालची ले माँची चोवीस तासांची शर्यत पुढे केली जाईल. फेरारी कंपनी विकत घ्यायला निघालेल्या फोर्डला एन्झो फेरारीने १९६३ साली रिकाम्या हाती परत पाठवलं. दुसरा हेन्री फोर्ड चिडला. सात लिटरचं इंजिन आणि डॉलरची थैली घेऊन तो फ्रान्समध्ये उतरला. आणि १९६० पासून सलग सहा वर्षं ले माँ जिंकणाऱ्या फेरारीची सद्दी संपली. २०१९ सालच्या 'फोर्ड व्ही फेरारी' या चित्रपटाने ही कथा आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सांतही पोचवली.

हा झाला पूर्वपक्ष. यातली विधानं सुटी घेतली तर बहुतेक खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि चूक बारीकसारीक नाही. फोर्डचं मोठं इंजिन हे दांडगाईचं हत्यार नव्हतं, तो सावधपणाचा निर्णय होता. ज्या गुणांवर शर्यत जिंकली गेली ते गुण अटलांटिकच्या कोणत्याही एका काठाची मिरास नव्हते.

आधी पूर्वपक्षाच्या पदरात त्याचं माप घालू. हे मत कुणी हवेतून काढलेलं नाही. ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिक अमेरिकनाने १९५० साली दोन कॅडिलॅक ले माँला नेल्या आणि त्या दहाव्या-अकराव्या आल्या. पुढे त्याने स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधल्या. १९५३ साली क्रायस्लरचं साडेपाच लिटरचं इंजिन असलेली त्याची गाडी तिसरी आली. त्या वर्षी जिंकली ती ३.४ लिटरची जॅग्वार, आणि तिच्या विजयात डिस्क ब्रेकचा मोठा हात होता. कनिंगहॅमकडे अजून ड्रम ब्रेकच होते. सरळ रस्त्यावर मिळवायचं आणि वळणाच्या तोंडाशी गमवायचं, हे त्या शर्यतीत हजारोंनी पाहिलं. म्हणजे मत बनलं तेव्हा ते अनुभवावर बनलं. पण त्याच पुराव्याची दुसरी बाजू सहसा कुणी पाहत नाही. जॅग्वारने डिस्क ब्रेक लावले तेव्हा फेरारीनेही लावले नव्हते. फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांवर ते रुळायला दशक संपत आलं. ब्रेक, हवेचा रोध, सांगाडा या साऱ्यांच्या वर इंजिनाला बसवण्याची खोड फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातही चांगली मुरलेली होती. 'इंजिनपूजा' हे अमेरिकेचं लक्षण म्हणायचं तर फेरारी पहिली अमेरिकन ठरेल; व्याख्येचा अतिव्याप्ती-दोष म्हणतात तो हाच.

आता गाडीकडे येऊ. १९६६ ची जेती 'अमेरिकन' होती म्हणजे नेमकं काय होतं? फोर्डच्या त्या गाडीची, जीटी४० ची, वंशावळ लंडनजवळ सुरू होते. एरिक ब्रॉडली या इंग्रज रचनाकाराच्या लोला कंपनीने १९६३ च्या जानेवारीत एक गाडी प्रदर्शनात मांडली. इंजिन चालकाच्या मागे, आणि ते फोर्डचं व्ही-एट. फेरारीशी बोलणी फिसकटल्यावर फोर्डने ब्रॉडलीला सोबत घेतलं, स्लाउ इथे कारखाना उभा केला आणि त्याची व्यवस्था जॉन वायर या इंग्रजाकडे दिली. १९५९ साली ॲस्टन मार्टिनला ले माँ जिंकून देणारा तोच हा वायर. त्या वेळच्या जेत्या गाडीच्या दोन चालकांपैकी एक कॅरोल शेल्बी होता, म्हणजे पुढे फोर्डचा संघ चालवणारा टेक्सन माणूस युरोपियन गाडीतून ले माँ जिंकून आला होता. फोर्डच्या बाजूने या प्रकल्पाचा प्रमुख अभियंता होता रॉय लन, तोही जन्माने इंग्रज. सुरुवातीचा गियरबॉक्स इटालियन, कोलोत्तीचा. १९६४ साली ले माँला तीन जीटी४० उतरल्या आणि तिन्ही बाद झाल्या. एक आगीने, दोन त्या गियरबॉक्सने. अमेरिकन ताकदीपुढे इटालियन दाते टिकले नाहीत असं कुणी म्हणेल, तर ते खरंच आहे. पण मग 'नाजूक तरी टिकाऊ युरोप' हे चित्र कुठे गेलं?

१९६६ ला जिंकलेले चालक ब्रूस मॅकलॅरन आणि क्रिस ॲमन न्यूझीलंडचे. विजय हुकून ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून अजून हळहळ व्यक्त होते तो फोर्डचाच चालक केन माइल्स इंग्लंडमध्ये जन्मलेला. मार्क-टू या जीटी४० च्या सात लिटरच्या आवृत्तीच्या आठ गाड्यांपैकी दोन ॲलन मान या इंग्रजाच्या संघाने चालवल्या. हेन्री फोर्डचं नाव आणि पैसा खास अमेरिकन, इंजिनही अमेरिकन. बाकीच्या गाडीला पासपोर्ट द्यायचा झाला तर अधिकाऱ्याला बराच विचार करावा लागला असता.

पण राष्ट्रीयत्वाचा हा वाद मी मुख्य मानत नाही. पूर्वपक्षाचा कणा म्हणजे ते सात लिटर. त्याचाच विचार नीट करू.

मार्क-टूचं इंजिन ४२७ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ सात लिटरचं. मूळचं ते अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं. पुशरॉडने झडपा हलवणारं, जुन्या धर्तीचं, बिडाचं, वजनदार. ले माँसाठी फोर्डच्या अभियंत्यांनी त्याची शक्ती वाढवली नाही, उतरवली. सुमारे ४८५ अश्वशक्ती आणि मिनिटाला ६२०० फेरे एवढ्यावर त्याला बांधून ठेवलं. समोरच्या फेरारी पी३ चं इंजिन चार लिटरचं, सुमारे ४२० अश्वशक्तीचं, मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं. भागाकार करून पाहा. लिटरमागे फेरारी शंभराहून अधिक अश्वशक्ती काढत होती आणि फोर्ड सत्तरीसुद्धा गाठत नव्हती. दांडगाई करणारा माणूस हाताशी असलेली ताकद राखून ठेवतो का? चोवीस तास चालायचं तर धातूवर ताण कमी हवा, हा हिशेब त्या सात लिटरमागे होता. स्वतःच्या मर्यादेच्या अगदी काठावर धावणारं इंजिन फेरारीचं होतं. मार्क-टूला गियरसुद्धा चारच होते. मोठ्या इंजिनाची ओढ खालच्या फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने पाचवा गियर, त्याचे दाते आणि ते बदलताना होणारी चूक, हे सगळं टाळता आलं.

या निवडीची किंमत होती आणि ती वजनात मोजावी लागली. मार्क-टू फेरारीपेक्षा काहीशे किलोंनी जड होती. ले माँच्या वर्तुळात म्युल्सानचा सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, तेव्हा त्यात मधे अडथळावळणं नव्हती. गाडी ताशी ३२० किलोमीटरच्या वर जायची आणि शेवटी काटकोनातल्या वळणासाठी जवळजवळ दुचाकीच्या वेगावर यायची. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे शाळेत शिकलेलं आहे. ती सगळी ऊर्जा दर साडेतीन मिनिटांनी चार लोखंडी चकत्यांत ओतली जायची. चकत्या लालबुंद व्हायच्या, मग पुढचा सरळ भाग आला की वाऱ्याने थंड व्हायच्या, आणि या ताप-गारठ्याच्या चक्रात तडकायच्या. मार्क-टूचं खरं दुखणं हे होतं. चालकांचीही त्याबद्दलच कुरकुर होती. उपाय काढला शेल्बीच्या संघातल्या फिल रेमिंग्टनने. त्याने अशी मांडणी केली की पिटमध्ये चाकाबरोबर ब्रेकची चकतीसुद्धा झटपट बदलता यावी. चकत्या अमर करण्याचा प्रयत्न सोडून त्या मरणारच असं गृहीत धरायचं आणि बदलण्याचा वेळ कमी करायचा. ही कारागिराची बुद्धी झाली. तिला 'रांगडी ताकद' म्हणणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. डिअरबॉर्नच्या प्रयोगशाळेत फोर्डने इंजिन आणि गियरबॉक्स एकत्र डायनॅमोमीटरवर चढवले. ले माँच्या प्रत्यक्ष फेऱ्यांत कुठे किती गॅस, कुठे कोणता गियर, कुठे ब्रेक, याची नोंद करून घेतली होती. त्या नोंदीबरहुकूम यंत्रच गियर बदलत होतं, थ्रॉटल उघडत-मिटत होतं, अख्ख्या शर्यतीएवढा वेळ आणि त्याच्याही पुढे. जे मोडेल ते बदलायचं, मजबूत करायचं, पुन्हा पहिल्यापासून. चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत टेस्ट बेडवर काम केलेल्या वाचकाला यात आज नवल वाटणार नाही. १९६५-६६ साली शर्यतीच्या गाडीसाठी हे कुणी करत नव्हतं. फेरारीची चाचणी म्हणजे तरबेज चालक, मोंझाचा ट्रॅक आणि मेकॅनिकचा कान.

इथे पूर्वपक्ष दुसरा पवित्रा घेईल. बरं, इंजिन नाही तर नाही. हे सारं पैशानेच झालं ना? पैसा लागला यात वाद नाही. पण पैसा हे कारण असेल तर १९६४ आणि १९६५ चं काय करायचं? पैसा त्या वर्षीही होताच. १९६५ साली तर सात लिटरचं इंजिनही आलं होतं आणि सराव फेऱ्यांत सर्वांत जलद गाडी फोर्डचीच होती. शर्यतीत एकही जीटी४० शेवटपर्यंत पोचली नाही. इंजिन आहे, वेग आहे, पैसा आहे आणि तरी निकाल शून्य, असा दाखला समोर असताना त्याच तिघांना पुढच्या वर्षीच्या विजयाचं कारण ठरवता येत नाही. १९६५ आणि १९६६ यांच्यात बदललं ते काय, एवढाच प्रश्न विचारायचा. बदलली ती टिकाऊपणाची तयारी.

आणि १९६५ चा विजेता कोण होता? पुस्तकात 'फेरारी' असं लिहिलेलं आहे. ती ३.३ लिटरची २५० एलएम उतरवली होती लुइजी किनेत्तीच्या नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीमने. चालकांत कॅन्सस सिटीचा मास्टन ग्रेगरी, सोबत योखेन रिंट. टायर गुडइयरचे, आणि ले माँमधला तो गुडइयरचा पहिला विजय. कारखान्याच्या अधिकृत फेरारींच्या ब्रेकच्या चकत्या त्या शर्यतीत तडकल्या. हो, फेरारीच्या! फेरारीच्या त्या सलग सहा विजयांपैकी शेवटचा विजय अमेरिकन संघाने, अमेरिकन रबरावर मिळवलेला आहे.

आता १९६६ च्या आकड्यांकडे थंड डोक्याने पाहू. आठ मार्क-टू निघाल्या, तीन पोचल्या. तीन पी३ निघाल्या, एकही पोचली नाही. त्या वर्षी इटलीतल्या संपांनी फेरारीची तयारी रखडली होती आणि त्यांचा सर्वोत्तम चालक जॉन सर्टीज भांडून शर्यतीआधीच निघून गेला होता. फोर्डच्या तिघींच्या मागे चौथ्या ते सातव्या क्रमांकावर कोण, तर दोन लिटरच्या पोर्शे. चार लिटर जिथे पूर्ण बाद झालं तिथे दोन लिटर रांगेने घरी पोचलं. एवढ्या तुटपुंज्या नमुन्यावरून 'मोठ्या इंजिनाने लहान इंजिनाला हरवलं' हे अनुमान काढणं न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातसुद्धा बसणार नाही.

खरी तुलना करायची तर १९६७ घ्यावं. दोघे पूर्ण तयारीने आले होते. फोर्डची मार्क-फोर ॲल्युमिनियमच्या मधुकोशी पत्र्यांच्या सांगाड्याची. रचना अमेरिकेतली, बांधणी अमेरिकेतली, चालक डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट अमेरिकन, संघ शेल्बीचा. फेरारीची पी४, अजून चार लिटरचीच. मार्क-फोरने ३८८ फेऱ्या मारल्या, दुसऱ्या आलेल्या पी४ ने ३८४. इंजिन पाऊणपट अधिक मोठं आणि अंतरातला फरक शेकडा एक. सात लिटर हे निर्णायक हत्यार असतं तर एवढाच फरक पडला असता का? तोही गर्नी म्युल्सानच्या वळणाच्या बराच आधी पाय उचलून गाडीला आपोआप मंदावू देत होता, ब्रेक वाचवत होता, म्हणून. गर्नी-फॉइट जोडी एकमेकांच्या चढाओढीत गाडी मोडणार असं लोक धरून चालले होते. ते सर्वांत संयमाने चालवून जिंकले. नेमका हाच एक विजय ले माँच्या इतिहासात संपूर्ण अमेरिकन म्हणता येतो, आणि नेमका तोच आवर घालून मिळवलेला आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटोनाला उलट घडलं होतं. फ्लोरिडातला तो कलत्या कडांचा, पूर्ण गॅसचा ट्रॅक; अमेरिकन ताकदीचं माहेरघर म्हणावं असा. तिथे फेरारी पहिली, दुसरी आणि तिसरी आली. फोर्डच्या गाड्या एकामागून एक गियरबॉक्सपाशी बसल्या. गियरबॉक्सच्या दांड्यांना उष्णता-संस्कार देताना चूक झाली होती. भट्टीतल्या चुकीने एक शर्यत गेली, त्यात ना अमेरिकेचा स्वभाव होता ना इटलीचा. वर्षअखेरीचं जागतिक विजेतेपदही फेरारीनेच नेलं, हे चित्रपटांत येत नाही.

मग वळणावरच्या बोजडपणाचं काय? नुर्बुर्गरिंगइतका वाकडातिकडा रस्ता शर्यतींच्या जगात नव्हता. जवळजवळ तेवीस किलोमीटरची फेरी, दीडशेहून जास्त वळणं, चढ-उतार, जंगल. १९६६ च्या जूनमध्ये, ले माँच्या पंधरवड्याच्या आत, तिथली हजार किलोमीटरची शर्यत चॅपरलने जिंकली. टेक्सासमधल्या मिडलँडच्या जिम हॉलची ही गाडी. फायबरग्लासचा सांगाडा, शेव्हरलेचं ५.४ लिटरचं इंजिन, आणि क्लच नसलेला स्वयंचलित धाटणीचा गियरबॉक्स. चालक फिल हिल आणि स्वीडनचा यो बोनिये. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर फेरारीच्या दोन लिटरच्या डिनो. पुढच्या वर्षी हॉलने त्याच कुळातल्या गाडीवर उंच खांबांवर मोठा पंख बसवला. क्लचच्या पेडलची रिकामी जागा होतीच. तिथल्या पेडलवर डावा पाय दाबला की पंख आडवा होई, सरळ रस्त्यावर हवा कमी अडे. पाय काढला की तिरका होऊन गाडीला वळणावर जमिनीशी दाबून धरी. १९६७ ला ब्रँड्स हॅचच्या वळणांत ती जिंकलीही. इतर शर्यतींत तिचा गियरबॉक्स तिला दगा देत राहिला. हवेचा दाब वापरून वळण घेण्याची कल्पना युरोपच्या मोठमोठ्या कारखान्यांना टेक्सासच्या वाळवंटाने शिकवली. मला विचाराल तर त्या दशकातली सर्वांत बुद्धिमान गाडी हीच, मग ती कितीदा का मोडेना.

पूर्वपक्षाच्या उरलेल्या इमारतीला १९६८ पासूनच्या नियमांनी धक्का दिला. प्रोटोटाइपना तीन लिटरची मर्यादा आली, ठरावीक संख्येत बांधलेल्या स्पोर्ट्स गाड्यांना पाच लिटरची सूट मिळाली. सात लिटर घरी बसलं. तरी १९६८ आणि १९६९ ला जिंकली जीटी४०च, पाच लिटरच्या आतल्या इंजिनावर, वायरच्या इंग्रज संघाकडून; आणि दोन्ही वेळा तीच एक गाडी, सांगाडा क्रमांक १०७५. दुसऱ्या विजयात याकी इक्सने पोर्शेला जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरने मागे ठेवलं. दरम्यान त्याच पाच लिटरच्या फटीतून पोर्शेने ९१७ घुसवली. १९७० साली साडेचार लिटरवर आणि १९७१ ला त्याहून मोठ्या इंजिनावर तिने ले माँ जिंकली. ७१ ला कापलेलं ५३३५ किलोमीटरचं अंतर २०१० पर्यंत अबाधित राहिलं. ९१७ च्या पुढच्या आवृत्तीने उत्तर अमेरिकेच्या कॅन-ॲम शर्यतींत हजारावर अश्वशक्ती काढून अमेरिकन गाड्यांना चिरडलं. अफाट ताकदीची ही गाडी श्टुटगार्टची होती. तिला 'नजाकत' म्हणायला कुणाची जीभ रेटणार आहे?

आजच्या काळात तर देशादेशांची ही तुलना टिकतच नाही. आता बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स नावाचा नियम आहे. गाडी जलद ठरली की आयोजक तिच्यावर वजन लादतात, टर्बोचा दाब उतरवतात. मंद ठरली की सवलत देतात. २०१६ साली, पन्नासाव्या वर्षाचा मुहूर्त साधून, फोर्ड जीटीने फेरारी ४८८ ला तिच्या वर्गात हरवलं आणि वर्तमानपत्रांनी '६६ ची पुनरावृत्ती' असे मथळे दिले. पात्रता फेरी आणि शर्यत यांच्या मधल्या वेळात आयोजकांनी वजनांचे आणि दाबांचे आकडे बदलले होते. शिवाय ती फोर्ड बांधली होती कॅनडातल्या मल्टिमॅटिकने, तिच्यात साडेतीन लिटरचं टर्बो व्ही-सिक्स होतं, आणि ती चालवणाऱ्या तिघांपैकी सेबास्टियन बूर्दे हा ले माँ गावातच जन्मलेला फ्रेंच माणूस. तिच्यामागे दुसरी आलेली फेरारी रिझी या संघाची होती. तो संघ टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा.